हंगामाचा पैसा, बारा महिन्यांचं घर : निर्णयवहीच्या प्रकल्प नोंदी

४ जून

१ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद. ३१ जुलैपर्यंत, एकूण ६१ दिवस. होड्या वर ओढल्या, जाळी सुकत पडली. याच आठवड्यात वाशीच्या घाऊक बाजारातून आंब्याच्या शेवटच्या पट्ट्या, म्हणजे दलालाने पाठवलेले विक्रीचे हिशेब, येतात. कोकणातल्या एकाच गावात वरच्या वाडीत वर्षाचा सगळ्यात मोठा पैसा आणि बंदराजवळच्या घरांत आवक शून्य. वहीचं पहिलं पान इथून सुरू करायचं ठरलं.

ही जमाखर्चाची वही नाही. जमाखर्च झालेलं सांगतो, ही वही निर्णयाच्या आधी भरायची आहे. ती बागायतदार आणि मच्छीमार अशा दोन प्रकारच्या घरांसाठी आहे, कारण दोघांचाही पैसा हंगामात येतो आणि पोट मात्र बारा महिने मागतं.

लोकांना हिशेब येत नाही, असं आम्ही धरलेलं नाही. पेटीमागे काय सुटतं आणि एका फेरीला डिझेल-बर्फ किती लागतो, हे इथे तोंडपाठ असतं. गफलत होते ती घडीची. निर्णय घेतला जातो तेव्हा मनात धास्ती असते, घाई असते, नाहीतर चारचौघांतली लाज. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी यावर बरंच काम केलं आहे. शांत बसलेल्या माणसाला आपल्याच तापलेल्या मनाचा अंदाज येत नाही, आणि मन तापलं की शांतपणी ठरवलेलं आठवत नाही. म्हणून प्रत्येक पानाला एकच कसोटी लावायची : हे पान निर्णय आधीच्या, थंड दिवसावर नेतं का? नेत नसेल तर पान काढून टाकायचं.

१० जून

बागायतदाराचं पान १, ‘घरचा पगार’. उदाहरणातले आकडे असे : हंगामात खर्च जाऊन हातात ३,६०,०००. त्यातून पुढच्या हंगामाची खतं, फवारण्या, राखण यांसाठी १,२०,००० आणि कर्जाचा हप्ता ६०,००० बाजूला. उरले १,८०,०००. भागिले १२, महिन्याला १५,०००.

हा भागाकार सगळेच करतात आणि जुलैपर्यंत मोडतात. बचत खात्यात १,८०,००० एकत्र दिसतात तेव्हा ते १५,००० वाटतच नाहीत. आकडा मोठा दिसला की मन सैल होतं. उपाय जुनाच आहे : पहिल्या महिन्याचे पैसे खात्यात ठेवायचे आणि बाकीच्या ११ महिन्यांसाठी १५,०००च्या ११ मुदत ठेवी करायच्या, पहिली १ महिन्याची, शेवटची ११ महिन्यांची. दर महिन्याला एक ठेव पिकते.

यात तीन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे ठेवीच्या अर्जावर ‘आपोआप नूतनीकरण’ तसंच राहतं आणि पैसे खात्यात न येता पुन्हा अडकतात. ‘मुदत संपल्यावर मुद्दल व व्याज बचत खात्यात जमा’ हाच पर्याय निवडायचा, पावती हातात आल्यावर पुन्हा बघायचा. दुसरी, ११ पावत्या सांभाळण्याचा कंटाळा येतो. ज्यांना येतो त्यांनी पहिल्या दोन महिन्यांचे पैसे खात्यात ठेवून दोन-दोन महिन्यांच्या खर्चाच्या ५ ठेवी केल्या तरी चालतील, पण तीन महिन्यांच्या नकोत, तिसऱ्या महिन्यात ओढाताण होते. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. जास्त व्याज दिसलं म्हणून सगळी रक्कम गावच्या पतसंस्थेत जाते. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. फेब्रुवारी २०२० पासून ते दर बँकेत दर ठेवीदाराला मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते लागू नाही. पतसंस्थेत ठेवूच नका असं आम्ही म्हणत नाही, तिथला माणूस अडीनडीला उभा राहतो. पण घरच्या पगाराचे पैसे विम्याखाली असावेत, एवढं मात्र ठामपणे छापायचं.

२१ जून

मच्छीमारांचं पान अडलं. आधीचा विचार होता की बंदीच्या दोन महिन्यांचं नियोजन जूनमध्ये भरून घ्यावं, कारण तेव्हा लोक घरी असतात. हे चुकीचं आहे.

तामिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी ऊस जाण्यापूर्वी, चणचणीत असताना, तर्काच्या चाचण्यांत कमी पडले आणि पैसे हाती आल्यावर सुधारले. यावरून ‘गरिबी बुद्धी खाते’ असं सरसकट म्हणू नये. २०१६ साली अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर केलेल्या अभ्यासात विचारशक्तीत फरक दिसला नाही, मात्र पगाराआधी लोक पैशांच्या बाबतीत ‘आत्ता मिळेल ते’कडे जास्त झुकले. दोन्ही निष्कर्ष जुळतात ते एका मुद्द्यावर : टंचाईच्या दिवसांत टंचाईचं नियोजन करायला लावू नये.

बदल : हे पान ऑक्टोबर ते मे, दर फेरीच्या वाटपाला भरायचं. डिझेल, बर्फ, शिधा वजा होऊन होडीचा वाटा आणि खलाशांचे वाटे पडतात, तीच घडी धरायची. पैसे घरी गेले की ते घराचे होतात, मग त्यातून ‘बंदीचे’ काढणं म्हणजे घराच्या तोंडातला घास काढल्यासारखं वाटतं. वाटप होतानाच बाजूला पडलेला पैसा कधी हातात आलाच नव्हता, म्हणून गेल्याचं दुःखही होत नाही. घर चालवायला महिन्याला १२,००० लागत असतील तर दोन महिन्यांचे २४,००० हवेत. आठ महिन्यांत साधारण ४८ फेऱ्या धरल्या तर फेरीला ५००. वाटा चांगला पडला तरी ५००, वाईट पडला तर २००, आणि रिकाम्या फेरीला काही नाही, फक्त रकान्यात फुली. फुली महत्त्वाची. रकाना कोरा राहिला की पुढचा भरायचा हुरूपच जातो.

हे पैसे कुठे ठेवायचे? सहज काढता येणार नाहीत अशा जागी. फिलिपिन्समध्ये एका बँकेने ग्राहकांना ठरलेल्या तारखेपर्यंत किंवा रकमेपर्यंत पैसे काढता न येणारं खातं देऊ केलं. ज्यांना ते विचारलं त्यांपैकी २८ टक्क्यांनी ते घेतलं, आणि वर्षअखेर ज्यांना विचारलं त्या सगळ्या गटाची सरासरी बचत तुलनेच्या गटापेक्षा ८१ टक्क्यांनी जास्त वाढली होती. तो अभ्यास २००६ सालचा. स्वतःवर कुलूप घालून घ्यायची माणसाला गरज वाटते, हे भिशी चालवणाऱ्या बायकांना कुणी सांगावं लागत नाही. भिशी काढायची तर नंबर चिठ्ठीने न काढता सगळ्यांचा वाटा मेअखेर परत, असा ठराव आधीच लिहून ठेवायचा.

८ जुलै

सोन्याचं पान. पावसाळ्यात सोनं गहाण पडतं, तेव्हा हे पान आत्ताच तपासणं बरं.

आपण पैसा मनातल्या मनात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर ज्याला मनातली खाती म्हणतात ती हीच, आणि त्यात सोन्याचं खातं सगळ्यात खोल. गहाण ठेवलेला दागिना ‘आपलाच’ असतो, विकलेला ‘गेला’. ही भावना खोटी नाही. अनेक घरांत बाईच्या नावावर दुसरं काहीच नसतं. पण या भावनेची किंमत कागदावर दिसली पाहिजे. १ लाखाचं कर्ज १२ टक्क्यांनी काढलं तर वर्षाचं व्याज १२,०००. दर वर्षी फक्त व्याज भरून गहाण पुढे ढकललं तर तीन वर्षांत ३६,००० गेले, दागिना तिजोरीतच आणि १ लाख डोक्यावर तसेच.

पानावर चार ओळी : सोडवण्याचा महिना. त्या महिन्यात पैसा कुठून येणार (आंब्याची पट्टी, ऑगस्टनंतरची मासळी, चाकरमान्याने पाठवलेले). तो आला नाही तर कोणता दागिना आधी विकायचा. आणि चौथी, दागिना जिचा तिची सही, ती सगळ्यांत आधी घ्यायची. तिसरी ओळ कुणालाच लिहायला आवडत नाही, तरी ठेवली आहे. लिलावाची नोटीस हातात पडल्यावर हा विचार नीट होत नाही.

मागे छापायचं : रिझर्व्ह बँकेच्या २०२५च्या निर्देशांनुसार घरखर्चासाठीचं सोनेतारण कर्ज अडीच लाखांपर्यंत असेल तर सोन्याच्या मूल्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत, पाच लाखांपर्यंत ८० आणि त्यावर ७५. एकरकमी फेडीच्या कर्जात या मर्यादेत व्याजही धरलं जातं. मर्यादा म्हणजे सल्ला नव्हे. ८५ टक्के उचलले आणि सोन्याचा भाव उतरला तर मधे जागाच उरत नाही. आमचं मत : लागतील तेवढेच घ्या, ६० टक्क्यांच्या आत राहा.

५ ऑगस्ट

नारळ सोडायचे दिवस जवळ आले, बाजारात गणपतीची चाहूल आहे. या पानाला नाव ‘गणपतीचा डबा’.

सणाचा खर्च कमी करा असा उपदेश वहीत नको. मुंबईहून माणसं येतात, भजनं होतात, घर भरतं. हा खर्च घराच्या आयुष्याचा भाग आहे. त्रास होतो तो हिशेबाच्या सरमिसळीने. मूर्ती, माटवी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट), शिधा, येणाऱ्यांचा पाहुणचार, भजनाच्या मंडळींचा फराळ हे ठरलेले खर्च. त्यांच्या जोडीला शेजारच्या घराकडे बघून वाढलेला खर्च असतो : नवा रंग, मोठा पडदा, दिव्यांच्या माळा. पहिल्यासाठी डबा, दुसऱ्यासाठी पाकीट, दोन्ही वेगळे. पाकीट संपलं की संपलं, डब्याला हात नाही.

डब्याचा आकडा मेमध्ये, मागच्या वर्षीच्या बिलांवरून लिहायचा. ऑगस्टमध्ये लिहिलेला आकडा फुगतो. चाकरमानी जे पैसे देणार, ते हातात पडेपर्यंत शून्य धरायचे.

१४ सप्टेंबर

भावनेचा रकाना बदलला. आधीच्या मसुद्यात ‘आत्ता मनात काय आहे : धास्ती / हाव / ईर्षा / लाज / राग’ असं होतं. चाचणीत कुणी हाव लिहिली नाही, सगळीकडे ‘गरज’. दुसऱ्याच्या देखत कुणीही लिहिणार नाही, तेव्हा दोष रकान्याचा.

आता तीन प्रश्न. ‘हे आज नाही केलं तर उद्या नेमकं काय बिघडेल?’ ‘हे करताना कुणाला कळू नये असं वाटतं?’ ‘हाच सल्ला भावाला किंवा बहिणीला दिला असता का?’ पहिल्यातून घाई बाहेर येते, दुसऱ्यातून लाज. तिसरा प्रश्न माणसाला स्वतःपासून हातभर लांब उभा करतो.

एक गैरसमज मात्र सूचनेतच दूर करायला हवा. भावना बाजूला ठेवा, असं वही सांगत नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांवरच्या मेंदूतज्ज्ञ अँटोनियो डॅमासिओ आणि सहकाऱ्यांच्या कामातून दिसलं की बुद्धी शाबूत असूनही भावनेची टोचणी गेली की माणसं तोट्याचेच निर्णय घेत राहतात. धास्ती कामाची असते. ती कशाची, तेवढं कळलं पाहिजे.

९ ऑक्टोबर

आंब्याची उचल. या पानावर सर्वाधिक वेळ गेला आणि तो सार्थकी लागला.

पावसाळा संपता संपता बागेला पैसा लागतो आणि हातात नसतो. व्यापारी किंवा दलाल आगाऊ पैसे देतो, तीच उचल. ‘व्याज नाही’ हे शब्द ऐकले की सुटका झाल्यासारखं वाटतं, आणि सुटकेच्या भरात पुढची अट नीट ऐकली जात नाही : सगळा माल त्याच्याकडेच. व्याज शून्य म्हणून उचल फुकट, अशी मनात नोंद होते.

फुकट आहे की नाही, हे काढायची रीत : उचल २,००,०००, ऑक्टोबर ते एप्रिल साधारण सहा महिने. ४०० पेट्या त्याच गाळ्यावर जाणार. बांधील असल्यामुळे पेटीला बाजारापेक्षा १०० रुपये कमी मिळाले, तर ४०,००० गेले. दोन लाखांवर सहा महिन्यांना २० टक्के, म्हणजे वर्षाला ४०. ५० रुपये कमी मिळाले तर वर्षाला २०. फरक नसेल तर उचल खरोखर स्वस्त. हा फरक काढायचा कसा? त्याच दिवशी, त्याच प्रतीच्या मालाच्या दोन दुसऱ्या पट्ट्या मिळवायच्या, हंगामात किमान पाच वेळा. दलालावर संशय घ्या असं यात कुठेही नाही. कित्येक घरं पिढ्यान्‌पिढ्या एकाच गाळ्यावर माल घालतात, कारण वाईट वर्षी तोच सांभाळून घेतो. ते सांभाळून घेणंही मोलाचं आहे, त्यासाठी वेगळा रकाना केला : ‘वाईट वर्षी काय दिलं’.

दुसऱ्या बाजूला हप्त्याचं कर्ज. ‘१२ टक्के सरळ’ ऐकून लोक बँकेच्या १२ टक्क्यांशी तुलना करतात. १ लाखावर सरळ १२ टक्के, १२ हप्ते : हप्ता ९,३३३. मुद्दल दर महिन्याला घटतं पण व्याज पूर्ण लाखावर, म्हणून घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. महिन्याला शेकडा ३ म्हणजे वर्षाला ३६. हे तीनही दर एका ओळीत, एकाच मापात छापायचे.

२६ नोव्हेंबर

छोटी पण जपून लिहायची सूचना. २००४च्या एका प्रयोगात लर्नर, स्मॉल आणि लोवेनस्टाइन यांना दिसलं की उदास माणसं आपली वस्तू कमी किमतीला द्यायला तयार होतात आणि नवी वस्तू जास्त किमतीला घ्यायला. विषयाशी संबंध नसलेली उदासी व्यवहारात उतरते. घरात मृत्यू झाल्यावर सगळे वारस एकत्र येतात आणि सामाईक सातबारावरच्या जमिनीचा विषय तेव्हाच निघतो. पानावर एवढंच : बाराव्यापर्यंत सही नाही, विसारही घ्यायचा नाही. वर्षश्राद्धापर्यंत थांबता आलं तर उत्तम. घेणाऱ्याने घाई केली तर ती घाई वहीत तारखेसकट लिहायची.

६ फेब्रुवारी

पहिल्या पेटीची बातमी आली की सगळ्या वाड्यांत तो आकडा फिरतो. मुहूर्ताच्या पेटीचा भाव हा मानाचा भाव, माल मूठभर असतो. तरी एप्रिलच्या भावाची मनातली तुलना त्याच्याशीच होते.

मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि काह्नमन यांच्या १९७४च्या लेखातला प्रयोग : चक्र फिरवून १० किंवा ६५ आकडा यायचा, मग विचारायचे की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के. १० पाहिलेल्यांचं मधलं उत्तर २५, ६५ पाहिलेल्यांचं ४५. चक्राचा प्रश्नाशी काहीही संबंध नव्हता. पहिल्या पेटीचा तरी आंब्याशी संबंध असतो, म्हणून तो आकडा मनातून काढणं आणखी कठीण.

त्याच्या जागी दुसरा आकडा ठेवावा लागतो. वहीत मागच्या दोन हंगामांच्या आपल्याच पट्ट्या, आठवड्यावार, डझनाला निव्वळ किती सुटले ते. उदाहरण, पाच डझनी पेटी : भाव ३,०००, पट्टीवरची वजावट ३००, गाडीभाडं १००, खोका-पेंढा १५०, तोडणी-भरणीची मजुरी २००. सुटले २,२५०, डझनाला ४५०. पट्टी पाहताना या ४५०शी तुलना करायची.

पुढची चूक यातूनच येते. भाव मनातल्या आकड्याखाली आला की विकणं म्हणजे तोटा पत्करणं वाटतं, आणि काह्नमन-ट्वर्स्कींच्या १९९२च्या मोजमापात तोट्याचं दुःख तेवढ्याच नफ्याच्या आनंदाच्या सव्वादोन पट भरलं होतं. मग चौदा आणे तयार फळ झाडावर ठेवून वाट बघितली जाते. जमीनजुमला वाट बघू शकतो, हापूस नाही : फळ जास्त पिकलं की साक्याचा (आतला गर खराब होण्याचा) धोका वाढतो, आणि एका वळवाच्या सरीत ते कॅनिंगच्या किलोच्या भावात जातं. म्हणून पान : कोणत्या कलमांची तोडणी कोणत्या आठवड्यात, हे फेब्रुवारीतच लिहायचं. भावामुळे तोडणी लांबवायची झाली तर जास्तीत जास्त तीन दिवस, तेही निम्म्या मालाची.

१ मार्च

अवेळी पाऊस, मोहोराला तुडतुडे आणि थ्रिप्स. ‘एवढं घातलंय, आता सोडून कसं चालेल?’ हे वाक्य या दिवसांत सगळीकडे ऐकू येतं. होडीवरही हेच, दुसऱ्या शब्दांत : डिझेल जळलंच आहे, आणखी एकदा जाळं टाकू.

छपाईत युक्ती केली : झालेला खर्च पानाच्या मागच्या बाजूला, पुढचा निर्णय पुढच्या बाजूला. दोन्ही एकदम दिसत नाहीत. पुढच्या बाजूवर तीनच आकडे. पुढची फवारणी १८,०००. तिच्यामुळे वाचतील अशा पेट्या १०. पेटीला सुटणारे २,२५०. १० पेट्या वाचल्या तर २२,५००, फवारणी करा. ५ वाचल्या तर ११,२५०, करू नका. मागच्या बाजूला ८५,००० असोत की ८,०००, उत्तर तेच.

अडचण ‘किती पेट्या वाचतील’ इथे आहे. हा आकडा फवारणीचं औषध विकणाऱ्याला विचारू नये. कृषी सहायकाला आणि शेजारच्या बागायतदाराला विचारावा, दोघांचा कमी आकडा धरावा.

फळपीक विम्याची ओळ याच पानावर. भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर, स्वतःच्या बागेतल्या नुकसानीवर नाही. हे आधी कळलं नाही तर पहिल्याच वर्षी ‘फसवलं’ वाटतं आणि पुढे विमाच सुटतो.

२२ एप्रिल

पट्ट्यांचे पैसे यायला लागले, म्हणजे दामदुप्पट योजना आणि फोन दोन्ही येणार. एक पान, मोठ्या अक्षरांत, आतल्या मुखपृष्ठावर. दुसऱ्याने फोनवरून पाठवलेले पैसे खात्यात घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन, मग बँकेत. ठेव मागणाऱ्या योजनेची नोंदणी कुठे आहे ते लेखी मागा. अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९च्या कायद्याने बंदी आहे. गावचा ओळखीचा माणूस घेऊन आला म्हणून कागद मागायला संकोच वाटतो, हा कायदा पुढे करून तो संकोच टाळता येतो.

३० मे

छपाईपूर्वीच्या दुरुस्त्या. ‘बंदीचे ५००’ रकाना ४८वरून ६० चौकटींचा केला, छोट्या होड्यांच्या फेऱ्या जास्त होतात. ‘घरचा पगार’ पानावर पतसंस्थेची ओळ ठळक. सोन्याच्या पानावर बाईच्या सहीची जागा वर घेतली. उचलीच्या पानावर तुलनेच्या पट्ट्यांसाठी पाच आडव्या ओळी वाढवल्या. फवारणीच्या पानाचा कागद जाड हवा, पातळ कागदातून मागचे आकडे आरपार दिसतात. पाकिटासाठी शेवटच्या पुठ्ठ्याला खिसा चिकटवायचा, टाचणी नको, खाऱ्या हवेत गंजते.

परवापासून बंदी. मच्छीमारांच्या प्रती ऑगस्टमध्ये पोचल्या तरी चालतील. बागायतदारांच्या मात्र याच आठवड्यात हव्यात.